रंग चांगला होता

संपादकबाईंचा फोन आला. "जपानमधले काहीतरी गमतीशीर अनुभव लिहून द्या. दिवाळीचा अंक आहे, लोकांना हलकंफुलकं हवं असतं." मी हो म्हटलं. गमती माझ्याकडे ढीगभर आहेत, पण प्रत्येकीच्या तळाशी कडू गाळ बसलाय आणि तो वेगळा काढून देण्याचं कसब माझ्यात नाही. नाहीतरी आमच्याकडे दिवाळीची पहाट पायाखाली कारीट फोडून आणि त्याचा कडू थेंब जिभेला लावूनच सुरू होते. फराळ त्यानंतर. तेव्हा बाईंनी एवढं चालवून घ्यावं.

मी मूळची सांगलीची. स्थापत्य अभियांत्रिकी शिकले, पुण्यात काही वर्षं पूल आणि पाण्याच्या टाक्या यांची गणितं केली. मग नवऱ्याला, शिरीषला, तोक्योतल्या एका बँकेच्या सिस्टिमचं काम मिळालं म्हणून त्याच्यामागे तिथल्या एदोगावा नावाच्या भागात आले. फुनाबोरीला भाड्याचं घर. मुलगी मुक्ता शाळेत जायला लागली आणि मी कचऱ्याची वर्गवारी करत घरी बसले. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटलीचं झाकण वेगळं आणि बाटलीवरचं लेबल वेगळं. पूल बांधलेल्या बाईला हे काम फार दिवस पुरत नाही.

एकदा नदीकाठाने सायकलवरून भाजी घेऊन येत होते. एका जुन्या लोखंडी शेडचं दार सताड उघडं होतं आणि आत एक भलामोठा पोलादी आकार साखळीला टांगून चारपाच माणसं तो उभा करू बघत होती. मी ब्रेक दाबला आणि माझ्या मोडक्या जपानीत ओरडले, "हे पडेल!" सांगलीत मत विचारलं नाही तरी देतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माणसं मात्र गारठली. इथे शेजाऱ्याचं घर पेटलं तरी आधी ओळख करून देतील.

आकाराच्या मागून डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढी एक बाई पुढे आली. "कुठल्या बाजूला?" तिने विचारलं.

"तुमच्या."

ती हसली आणि बाजूला झाली. भाजीची पिशवी सायकलला तशीच लटकत होती आणि तो आकार साखळीसकट ती बाई उभी होती तिथे कलला.

या हिरानो-सेन्सेई; सेन्सेई म्हणजे गुरू. अवाढव्य शिल्पं करणाऱ्या म्हणून तेव्हाच त्यांचं नाव देशभर झालं होतं. मला ते ठाऊक नव्हतं. मला कामावर घेताना त्या म्हणाल्या, "साने-सान, मला कोणी 'पडेल' म्हणत नाही. म्हणतात, 'थोडं अवघड दिसतंय.' आणि मग ते पडतं. तुम्ही 'पडेल' म्हणत जा." (साने-सान हे संबोधन ऐकून शिरीष आठवडाभर हसत होता. माझं आडनाव बदलता येत नाही आणि त्यांचं आदराचं 'सान' सुटत नाही.)

बाहेरच्यांना वाटतं, शिल्पकार म्हणजे छिन्नी-हातोडा. सेन्सेई ओंजळीत मावेल एवढा कागदाचा किंवा मातीचा नमुना करायच्या आणि तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणायच्या, "हे तीन मजली." पुढचं माझं. भूकंपात ते हललं पाहिजे पण पडता कामा नये. वादळाचा वारा त्यावर कसा आदळेल, बर्फ कुठे साठेल, शाळेची पोरं कुठून चढतील, हे बघायचं. त्याचे तुकडे असे पाडायचे की ट्रकवर मावतील, पुलाखालून जातील, आणि जोड दिसणार नाहीत. पोटातला सांगाडा माझा, कातडी सेन्सेईंची. माझं काम चोख झालं तर ते कुणालाच दिसत नाही. उद्घाटनाला फीत कापणारे, भाषण करणारे, प्रायोजक, सगळ्यांची नावं पाटीवर असतात. वेल्डिंग करणाऱ्यांचं आणि माझं नाव मी कुठल्याही पाटीवर पाहिलेलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं, अजूनही वाटतं, आणि वाटत नाही असं म्हणणाऱ्या लोकांवर माझा विश्वास नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग. एका मॉलवाल्यांनी झेपावणाऱ्या लाटेचं शिल्प मागितलं आणि मग सुरक्षेसाठी लाटेचं टोक गोल करा म्हणाले. गोल केलं. मग उंची कमी करा. केली. शेवटी जे उभं राहिलं त्याला सेन्सेई 'माझी इडली' म्हणायच्या, कारण माझ्या डब्यातल्या इडल्या त्यांनी पाहिल्या होत्या. एका कंपनीच्या अध्यक्षांना शिल्पाची पाठ आपल्या खिडकीकडे नको होती. सेन्सेईंनी नम्रपणे विचारलं, पाठ कुठली? अध्यक्षांनी बराच वेळ निरखलं आणि कबूल केलं की कळत नाही, पण ती आपल्याकडे नको.

या धंद्यातली सगळ्यात क्रूर गोष्ट बाहेर कुणाला माहीत नसते. इथे जागा घेतली की ती सोडताना होती तशी करून परत द्यायची. भाड्याच्या खोलीपासून कला-महोत्सवाच्या मैदानापर्यंत सगळ्यांना हाच नियम. त्यामुळे शिल्प उभं कसं करायचं याचा आराखडा देताना ते पाडायचं कसं याचाही आराखडा मला सोबत द्यावा लागे. बारशालाच तेराव्याची यादी. महोत्सव संपला की आम्हीच जाऊन कापायचो. मॉल नव्याने बांधला की लाट गेली. अध्यक्ष बदलले की पाठ नसलेलं शिल्प गेलं. वर्तमानपत्रं ज्यांना 'देशातली सर्वात मोठी शिल्पं करणारी स्त्री' म्हणत, त्या बाईची निम्मीअधिक कामं भंगारात गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. पंचतारांकित कौतुक आणि शेवटी गॅसकटर.

म्हणून कोषाचं काम आलं तेव्हा सेन्सेई वेगळ्याच दिसल्या.

डोंगरातल्या त्यांच्या जन्मगावी पूर्वी रेशमाची गिरणी होती. त्यांची आई तिथे कामाला होती. उकळत्या पाण्यात रेशमाचे कोष टाकायचे आणि तार सुटी करायची, दिवसभर बोटं त्या पाण्यात. कोषात किडा असतो, तो त्यातच मरतो. एखादा पतंग आधीच कोष फोडून बाहेर पडला तर तार तुटते आणि तो कोष फेकून देतात. गिरणी कधीच बंद पडली, जागेवर बाग झाली, आणि नगर कार्यालयाने सेन्सेईंना तिथे शिल्प करायला सांगितलं. कायमचं. करारात 'कायमचं' हा शब्द मी पहिल्यांदाच वाचला.

सेन्सेईंनी माझ्या टेबलावर कागदाचा कोष ठेवला. वरच्या अंगाला फाटलेला. "पतंग गेलेला," त्या म्हणाल्या. "आईच्या गिरणीत हा टाकाऊ. साने-सान, बाकीचं सगळं मी दुसऱ्यांसाठी उभं केलं. हे एक राहू द्या. माझ्यानंतर."

मी जीव ओतला. पोलाद असं निवडलं की ज्याला रंग लागत नाही. या पोलादावर गंज चढतो, काही वर्षांत तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूचं कातडं होऊन राहतो. मात्र त्याला सुकायला मिळालं पाहिजे. पाणी साठलं की खेळ संपला. म्हणून वरची फट उघडी, बर्फ आत पडेल, वितळेल, आणि तळाशी मी भोकं ठेवली होती त्यांतून निघून जाईल. त्या भोकांसाठी मी सेन्सेईंशीही भांडले, त्यांना ती दिसायला नको होती. पण उभा राहिला तेव्हा काय दिसत होता तो कोष! वाकून आत जायचं, मान वर करायची, फाटलेल्या कडेतून आभाळ दिसायचं. रंग तांबडा, भाजलेल्या विटेसारखा. आयुष्यात मी एकच गोष्ट कायमची उभी केली असेल तर ही, असं मला तेव्हा वाटलं आणि मी उघडउघड रडले.

माझ्या शेजारी आणखी एकजण रडत होते. तानाबे-सान, गावातल्या वस्तीमंडळाचे प्रमुख. इथे प्रत्येक वस्तीचं असं मंडळ असतं, सण, कवायती, रविवारची साफसफाई सगळं तेच बघतं. त्यांचीही आई त्याच गिरणीत होती. "आम्ही हा जपू," ते सेन्सेईंना म्हणाले.

त्यांनी तो जपला. तिथेच घात झाला.

मधल्या काळात सेन्सेईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, प्रवास बंद झाला. त्या हिंडायला लागल्यावर गावाने सत्काराला बोलावलं. आम्ही दोघी गेलो. गाडी बागेकडे वळली आणि मला आधी वाटलं, रस्ता चुकला. कोष पांढराशुभ्र होता. दुधासारखा, चकचकीत. वरच्या फटीवर नीट शिवलेली जाळी. खाली मंडळाची माणसं रांगेत उभी, म्हाताऱ्या बायकांच्या हातात ब्रश, आणि 'सेन्सेई, घरी आपलं स्वागत' असा फलक.

तानाबे-सान पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही आठवतो. "सेन्सेई, फार गंज चढला होता. बघवेना. रविवारची साफसफाई लावली, सगळ्या गावाने मिळून घासून काढला. आपल्या आयांच्या हातातला कोष कसा पांढरा असायचा! फटीतून पक्षी शिरायचे, जाळी लावली. तळाला कुठे कुठे भोकं पडली होती, गांधीलमाश्या जायच्या, ती लुकण भरून बुजवली. आता अगदी नव्यासारखा."

भोकं पडली होती! माझी भोकं!

मी तोंड उघडलं. सेन्सेईंनी माझी बाही धरली, घट्ट. मग कमरेत खोल वाकल्या आणि म्हणाल्या, "इतक्या प्रेमाने सांभाळलंत. मी आभारी आहे." टाळ्या झाल्या. आम्हाला चहा आणि मुळ्याचं लोणचं मिळालं. शिल्पाजवळ माहितीची पाटी होती. कुणा कलातज्ज्ञाने तीवर 'द्रव्याच्या स्मृतीतून काळाचे प्रकटन' असं काहीबाही लिहिलं होतं. 'कृपया रंगवू नये' हे तीन शब्द लिहायला त्याला सुचलं नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण हा मारुती गावाने हौसेने शेंदूर फासून केला होता. राग धरायचा तर कुणावर?

परतीच्या गाडीत मी भांडले. "सेन्सेई, एका वाक्याचं काम आहे. रंग काढता येतो, गंज पुन्हा चढेल, भोकं तर मी स्वतः उघडते. पण आत पाणी साठलं तर तळ कुजेल. सांगा त्यांना!"

"तानाबे-सानना आईचा कोष पांढरा आठवतो," सेन्सेई म्हणाल्या. "तुमची आठवण चुकली असं मी त्यांना कसं सांगू? साऱ्या गावाचा रविवार होता तो."

"मग मी सांगते."

"नाही. माझं काम आहे, साने-सान. तुम्ही सांगायचं नाही."

घरी येऊन मी ताटावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. शिरीष म्हणाला, "अगं, क्लायंटलाच इश्यू नाही तर तू का एस्कलेट करतेस?" मुक्ता माझ्याकडे असं बघत होती जसं काही मीच ब्रश घेऊन उभी होते. "आई, यू कान्ट जस्ट से दॅट. तानाबे-सान, कावाइसोओ." कावाइसोओ म्हणजे बिचारा. माझी मुलगी इथेच वाढली, तिला त्या म्हाताऱ्याची दया आली. मला शिल्पाची आली. एका घरात दोन देश जेवत होते.

गावकऱ्यांशी बोलायची बंदी होती, पण तपासणीचा अहवाल लिहायचं काम माझंच होतं. दर वसंतात जायचं, कोष तपासायचा, नगर कार्यालयाला लिहून द्यायचं. मी स्वच्छ लिहिलं: भोकं उघडा, जाळी काढा. तिथले ओनो-सान नावाचे तरुण अधिकारी प्रत्येक ओळीला मान डोलवत वाचायचे. "अवश्य विचार करू." इथे ज्याला कुणाला हे उत्तर मिळालंय त्याला माहीत आहे की विचार झालेला असतो आणि तो 'नाही' असा असतो. मी खनपटीला बसले तेव्हा ते हळूच म्हणाले, "या कामाबद्दल तानाबे-सानना नगराचं मानपत्र दिलंय. आता तेच उलटं करायचं तर... त्यांची मुदत संपू द्या." मुदत संपली. लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडलं. कोष इतका छान सांभाळतात म्हणून.

आणि तो रंग एकदाच दिला असता तरी निभावलं असतं. पण त्याची प्रथा पडली. दर शरदात 'कोष रंगवण्याचा दिवस'. शाळेची मुलं छोट्या टोप्या घालून यायची, भाताचे गोळे वाटायचे, फोटो छापून यायचे. दरवर्षी माझ्या भोकांवर पांढऱ्या रंगाचा आणखी एक थर. मी वसंतात लिहायची, ते शरदात रंगवायचे. वरून कोष उजळत गेला आणि आतून काय होत होतं ते मला न बघताही कळत होतं.

चौथ्या हिवाळ्यात बर्फ फार पडला. जाळीवर साठला, आत गळत राहिला, तळाशी पाण्याचं डबकं. वसंतात मी गेले आणि बुंध्याला हातोडीने ठोकलं. चांगलं पोलाद खणकतं. हे भिजल्या पुठ्ठ्यासारखं बोललं. जोडाजवळ पेचकस टेकवला तर तो रंगाच्या पापुद्र्यातून सरळ आत गेला.

तिथूनच सेन्सेईंना फोन केला. पेचकस आत गेला, एवढंच सांगितलं.

"पडेल का?"

"पडेल."

"कुठल्या बाजूला?"

"मुलं रंगवायला उभी राहतात त्या बाजूला."

"मग तसं लिहा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी लिहिलं. यावेळी ओनो-साननी विचार केला नाही, लगेच होकार आला. बिघाड लिहिला होता तेव्हा कुणी वाचत नव्हतं, मरण लिहिल्यावर एका आठवड्यात कार्यवाही. पाडण्याचा आराखडा नव्हता, कारण कायमच्या कामाला तो मागत नाहीत. तो मी बसून केला. आयुष्यात जी एकच गोष्ट उभी ठेवायची होती तिचे तुकडे कुठून पाडायचे, तेही मीच आखून दिलं. कागदाचा तो छोटा नमुना मात्र एका संग्रहालयाने नेला. काचेत आहे, दिवा लावलेला, तापमान सांभाळलेलं. त्याला हात लावू नका अशी पाटीही आहे, साध्या सोप्या शब्दांत.

पाडायच्या दिवशी अख्खं मंडळ आलं. सगळ्यांनी काळे कपडे घातले होते. गॅसकटरने पहिली कापणी झाली आणि आतून लालभडक पाणी वाहिलं, चार वर्षांचं. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. सेन्सेई काठी टेकून उभ्या होत्या, चेहऱ्यावर काहीच नाही. मला त्यांचा इतका राग आला की तिथेच त्यांना गदागदा हलवावं असं वाटलं.

काम आटोपल्यावर तानाबे-सान माझ्याकडे आले. या चार वर्षांत ते फार वाकले होते. सेन्सेई माझ्या शेजारीच होत्या, पण ते त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. मला म्हणाले, "साने-सान, तुम्ही जाणत्या आहात. आम्ही दरवर्षी न चुकता रंग दिला. तरी असं झालं. खरं सांगा, आम्ही घेतलेला रंगच हलका होता का?"

त्याचं उत्तर माझ्या जिभेवर चार वर्षं मुरत होतं. आता थांबवणारं काही उरलं नव्हतं, वाचवायचं काही शिल्लक नव्हतं. सेन्सेईंकडे पाहिलं. त्यांनी बाही धरली नाही. नुसत्या बघत होत्या, मी काय म्हणते ते.

तानाबे-साननी दोन्ही हात मांड्यांना चिकटवून धरले होते, शिक्षा ऐकायला उभ्या असलेल्या मुलासारखे. नखांच्या कडेला पांढरा रंग होता.

मी कमरेत वाकले. "नाही, तानाबे-सान," मी म्हटलं. "रंग चांगला होता."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, माझ्यापेक्षा खाली वाकले आणि रडू लागले.

परतीच्या गाडीत सेन्सेई खिडकीशी बसल्या. बोगदे येत होते, जात होते. इचिकावातल्या ज्या वृद्धनिवासात त्या आता राहतात तिथे जायचं त्यांनी त्याच प्रवासात ठरवलं असावं, कारण नदीकाठची शेड त्यानंतर उघडली नाही आणि मी आता नव्या इमारतींच्या परांच्या तपासते. एका बोगद्यातून बाहेर पडताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साने-सान, तुम्हाला मी याच्यासाठी कामावर घेतलं नव्हतं."

ज्यांनी चार वर्षं माझं तोंड बंद ठेवलं त्या हे म्हणत होत्या. सांगलीच्या बाईकडे त्यावर द्यायला पुष्कळ होतं. मी मान तुकवली, चहाच्या बाटलीचं झाकण वेगळं केलं आणि लेबल सोलून वेगळं काढलं.